पुण्याहून जलदुर्गांकडे

किल्ला म्हटला कीं पुणेकर गृहस्थाच्या डोळ्यांपुढें डोंगर उभा राहतो. पर्वतीवरून दिसणारा सिंहगड, त्याच्या पलीकडचे राजगड आणि तोरणा, पूर्वेकडचा पुरंदर, यांच्या सान्निध्यांत त्याचें बालपण गेलेलें असतें. परंतु ज्या राज्याचा इतिहास तो अभिमानानें सांगतो, त्या राज्याचे कांहीं अत्यंत महत्त्वाचे दुर्ग भरतीच्या पाण्यांत उभे आहेत, ही गोष्ट त्याला बहुधा पुस्तकांतूनच ठाऊक असते. सह्याद्रीचा घाट उतरून चार दिवस समुद्राच्या कडेनें प्रवास केला तर ही उणीव भरून निघते. आणि त्याबरोबरच पुण्याच्या इतिहासांतील एक अवघड प्रश्नहि समोर येऊन उभा राहतो.

मोटारींत बसून किल्ले आणि किनारा पाहत हिंडण्याची हौस इतर देशांतहि आहे. स्कॉटलंडमध्यें तर तो एक मोठा व्यवसायच होऊन बसला आहे. एडिंबरो, स्टर्लिंग, समुद्रांत घुसलेल्या कड्यावरचें डनॉटर, खाडीच्या तोंडाशीं बेटावर असलेलें आयलन डोनन, असे दुर्ग दाखवीत प्रवाशांच्या मोटारी तेथें फिरत असतात. यांपैकीं आयलन डोननची हकीकत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १७१९ सालीं इंग्रजी राजसत्तेच्या लढाऊ जहाजांनीं तोफा डागून हा किल्ला उद्ध्वस्त केला. त्यानंतर सुमारें दोनशें वर्षें तेथें नुसते पडके दगड होते. पुढें १९१२ पासून १९३२ पर्यंत वीस वर्षें खपून त्याच वंशांतील एका गृहस्थानें तो पुन्हा बांधून काढला. आज त्याचें चित्र जगभर ओळखलें जातें. पराभवाचें स्थळ म्हणून त्या लोकांनीं त्याच्याकडे पाठ फिरविली नाहीं.

कोंकणाच्या किनाऱ्यावर डोंगर, खाड्या, कडे आणि समुद्रांतले किल्ले हें सर्व आहेच. शिवाय येथील बरेचसे किल्ले एका राज्याच्या सागरी धोरणानें एकमेकांशीं बांधले गेले होते. ते ओळीनें पाहिल्याशिवाय त्या धोरणाचा अर्थ कळत नाहीं. त्यासाठीं पूर्वीं बोटीचा प्रवास करावा लागे. आतां मोटारीची सोय झाली आहे. एस. टी. ची पहिली गाडी १९४८ सालीं १ जून रोजीं पुण्याहूनच अहमदनगरास सुटली. पुढें तिच्या गाड्या घाट उतरून कोंकणांत गांवोगांव जाऊं लागल्या. एखाद्या मंडळींनीं मिळून स्वतंत्र गाडी ठरविली तर प्रवास अधिक सुखाचा होतो. मात्र पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्यांवर नेणाऱ्या होड्या बंद असतात; म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ या सहलीला उत्तम.

खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली आणि पेण या वाटेनें गाडी अलिबागला पोंचते. समोरच कुलाबा किल्ला. ओहोटीच्या वेळीं वाळूवरून चालत त्याच्या दरवाजापर्यंत जातां येतें, आणि भरती आली कीं तोच किल्ला बेट होतो. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत त्याचें बांधकाम सुरू झालें व संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. तटाचे मोठमोठे दगड चुना न घालतां एकावर एक रचलेले दिसतात. लाटेचें पाणी त्या फटींतून शिरून तिचा जोर मोडावा, हा त्यांतील हेतु असल्याचें सांगतात. आंत गणपतीचें सुंदर देऊळ आहे. तें राघोजी आंग्रे यांनीं १७५९ सालीं बांधलें. गांवांत कान्होजी आंग्रे यांची समाधि आहे.

मराठी आरमाराची सुरुवात या किनाऱ्याच्या उत्तर टोंकाला झाली. १६५७ सालीं कल्याण आणि भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं खाडींत जहाजें बांधण्यास आरंभ केला. त्या वेळीं समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा होता. व्यापारी जहाजानें त्यांचा परवाना घेतल्याशिवाय फिरूं नये, असा त्यांचा दंडक असे. मुरुडजवळच्या जंजिऱ्यांत सिद्दी होता, आणि मुंबई लौकरच इंग्रजांच्या हातीं जायची होती. अशा वेळीं घोडदळाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या एका नव्या राज्यानें समुद्राचा विचार करावा, हें सामान्य गोष्टींतलें नव्हतें. १६६५ सालीं महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेस बसरूरपर्यंत गेले. १६७९ सालीं मुंबईच्या तोंडाशीं खांदेरी बेटावर तट बांधण्याचें काम त्यांनीं सुरू केलें. इंग्रजांनीं आणि सिद्दीनें तें मोडण्याचा प्रयत्न केला, परंतु खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

अलिबागहून दक्षिणेस जातांना रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला लागतो. तो पोर्तुगीजांचा. त्याच्या पायथ्याच्या गांवांत पोर्तुगीज भाषेपासून झालेली एक बोली लोक अद्यापि घरांत बोलतात. त्यापुढें मुरुड. राजपुरी गांवांतून शिडाच्या होडींत बसून जंजिऱ्याला जातां येतें. सुमारें २२ एकरांचा हा किल्ला १९ बुरुजांचा असून, अगदीं जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाहीं. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यांत गोड्या पाण्याचीं तळीं आहेत. शिवाजी महाराजांनीं तो घेण्याचे प्रयत्न केले, संभाजी महाराजांनीं तर मधली खाडी भरून काढण्याचा उद्योग आरंभिला. पण जंजिरा पडला नाहीं. सिद्दीचें संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें, तोंपर्यंत तो त्यांच्याकडेच होता.

जंजिऱ्याच्या तटावरून वायव्येकडे पाहिलें असतां पाण्यांत दुसरा एक लहानसा किल्ला दिसतो. तो पद्मदुर्ग. सिद्दीला शह देण्याकरितां महाराजांनीं तो त्याच्या दाराशींच बांधविला. तेथील एक गोष्ट प्रत्येकानें डोळ्यांनीं पाहावी अशी आहे. खाऱ्या वाऱ्यानें आणि लाटांनीं तटाचे दगड झिजून आंत गेले आहेत, आणि दगडांच्या मधला चुना मात्र जसाच्या तसा पुढें उभा आहे. राजवटी गेल्या, तरी गवंड्यांचें काम टिकलें आहे. याच पाण्यांत सोनकोळी लाय पाटलानें एका रात्रीं जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून दिल्या होत्या. वर चढणारी फौज वेळेवर आली नाहीं, उजाडूं लागलें, आणि शिड्या काढून घ्याव्या लागल्या. तरीहि महाराजांनीं त्याच्या धाडसाबद्दल त्याला पालखीचा मान दिला. समुद्रांत फिरणाऱ्या कोळ्याला पालखी काय करायची, असें त्यानें नम्रपणें विचारलें, तेव्हां त्याच्यासाठीं ‘पालखी’ नांवाचें एक गलबत बांधविण्यांत आलें, अशी कथा कोंकणांत सांगतात. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा दर्यावर्दी जातींच्या लोकांनीं हें आरमार चालविलें. घाटावरच्या इतिहासांत त्यांचीं नांवें क्वचितच येतात.

मुरुडहून वळसा घेऊन माणगांव, महाड, दापोली अशी वाट धरली कीं हर्णैचें बंदर येतें. संध्याकाळीं तेथें मासळीचा लिलाव चाललेला असतो, आणि पाठीमागें समुद्रांत सुवर्णदुर्गाचा काळा तट दिसत असतो. त्याच्या दरवाजाच्या पायरीवर कांसव आणि भिंतीवर मारुती कोरलेला आहे. कान्होजी आंग्रे यांचा उदय याच भागांत झाला. औरंगजेबाची फौज महाराष्ट्रभर पसरली असतां किनाऱ्यावरचे किल्ले त्यांनीं राखले. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांनीं त्यांना शाहू महाराजांच्या बाजूस वळवून घेतलें, आणि सरखेल म्हणून त्यांचा अधिकार मान्य झाला.

पोर्तुगीजांप्रमाणेंच कान्होजींनींहि आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांस दस्तक घेण्यास सांगितलें. इंग्रजांनीं तें मानलें नाहीं. दस्तक न घेणारें जहाज कान्होजींचीं गलबतें पकडून आणीत, आणि मुंबईचे इंग्रज त्यांस चांचे म्हणत. पोर्तुगीजांनीं परवाना मागितला तर तो राजाचा हक्क आणि मराठ्यांच्या सरखेलानें मागितला तर ती चांचेगिरी, असा हा न्याय होता. इंग्रजांनीं १७१७ आणि १७२० सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर, आणि १७२१ सालीं पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली. १७२४ सालीं डचांनीं विजयदुर्गावर प्रयत्न केला. यांतील एकहि मोहीम सिद्धीस गेली नाहीं. १७२९ सालीं कान्होजी वारले.

त्यांच्या मागें मुलांत भाऊबंदकी माजली. १७३५ च्या सुमारास पहिल्या बाजीरावांनीं वांटणी करून दिली. कुलाबा मानाजीकडे आणि दक्षिणेकडील किल्ले संभाजीकडे राहिले. संभाजीच्या मागून तुळाजी आला. तो शूर होता, पण कोणास जुमानणारा नव्हता. विशाळगडचे प्रतिनिधि, बावड्याचे अमात्य, वाडीचे सावंत, सर्वांना त्याचा उपद्रव झाला, आणि पेशव्यांचे हुकूम त्यानें धाब्यावर बसविले. शेवटीं नानासाहेब पेशव्यांनीं त्याचा बंदोबस्त करण्याचें ठरविलें. त्यांच्याजवळ फौज भरपूर होती. समुद्रावरचें बळ मात्र पुरेसें नव्हतें. म्हणून १७५५ सालच्या मार्च महिन्यांत मुंबईच्या इंग्रजांशीं करार झाला. जमिनीवरून पेशव्यांनीं आणि समुद्रावरून इंग्रजांनीं तुळाजीला कोंडावें असें ठरलें.

लगेच एप्रिल महिन्यांत कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला. या विजयाची इंग्रजांना किती मातबरी वाटली, याचा पुरावा लंडनमध्यें आहे. जेम्सच्या मरणानंतर १७८४ सालीं त्याच्या पत्नीनें तेथील एका टेकडीवर तीन कोनी मनोरा बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेंच नांव इंग्रजी उच्चारांत दिलें. तो अद्याप उभा आहे. लंडनचे रहिवासी सुट्टीच्या दिवशीं तो पाहावयास जातात, आणि हर्णैच्या समुद्रांतील मूळ किल्ला मात्र पुष्कळ पुणेकरांनीं पाहिलेला नसतो.

रत्नागिरी मागें टाकून गाडी विजयदुर्गास येते, तेव्हां या करारानें पुढें काय झालें तें समजूं लागतें. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं हा किल्ला उभा आहे. मूळचा तो शिलाहार भोज राजाच्या काळचा. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. तिहेरी तट, २७ बुरुज, आणि आंतल्या बाजूस वाऱ्यावादळापासून सुरक्षित अशी खाडी. खोल बुडाचीं परदेशी जहाजें या खाडींत सहज शिरूं शकत नसत. मराठ्यांचे गुराब आणि गलबतें मात्र आंत निर्धास्त राहत. जवळच गिर्ये येथें खडक खोदून केलेली गोदी आहे. जहाजें दुरुस्तीला तेथें आणीत.

१७५६ सालच्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन येथें आला. जमिनीवर उतरणाऱ्या पलटणीचा मुख्य रॉबर्ट क्लाइव्ह होता. तुळाजी त्या वेळीं बोलणें करण्यासाठीं पेशव्यांच्या छावणींत गेलेला होता. १२ फेब्रुवारीस तोफांचा मारा सुरू झाला. एक पेटता गोळा बंदरांतील एका जहाजावर पडला. तें जहाज पूर्वीं तुळाजीनें इंग्रजांपासूनच जिंकून आणलेलें होतें. जहाजें एकमेकांना लागून नांगरलेलीं होतीं. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहतां पाहतां आंग्र्यांचें सारें आरमार जळून गेलें. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. आंत मिळालेली सुमारें १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. पेशव्यांच्या सरदारांना तिच्यांत वांटा मिळाला नाहीं. करारानें पेशव्यांस द्यावयाचा किल्लासुद्धां त्यांनीं महिनोगणती अडवून ठेवला. ऑक्टोबर महिन्यांत पुण्यास नवा तह झाला, इंग्रजांना बाणकोट मिळालें, तेव्हां कोठें विजयदुर्ग पेशव्यांच्या ताब्यांत आला. तुळाजीचें उरलेलें आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत गेलें.

येथेंच तो अवघड प्रश्न येतो. नानासाहेबांनीं हें केलें तें चुकलें काय? पुण्यांत या प्रश्नावर वाद पुष्कळ झाले आहेत, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखें आहे. छत्रपतींच्या राज्यांत एका सरदारानें स्वतंत्र राजासारखें वागावें, शेजाऱ्यांच्या मुलखांत धुमाकूळ घालावा, आणि मध्यवर्ती सत्तेनें तें मुकाट्यानें पाहावें, असें कोणी म्हणणार नाहीं. १७५५ सालीं मुंबईचे इंग्रज म्हणजे कांहीं वखारी आणि एक बेट संभाळणारे व्यापारी. त्यांच्यापासून राज्याला धोका आहे, असें त्या वेळच्या मुत्सद्द्यांस वाटलें नाहीं, याचें फारसें नवल नाहीं. शिवाय मराठी आरमार त्या आगींत कायमचें संपलें असेंहि नाहीं. पेशव्यांनीं विजयदुर्गास आपला सुभा ठेवला. आनंदराव धुळपांनीं १७८३ सालीं रत्नागिरीजवळ इंग्रजांचें ‘रेंजर’ हें जहाज लढून पाडाव केलें. धुळपांचा वाडा विजयदुर्ग गांवांत आहे.

इतकें मान्य करूनहि एक गोष्ट उरते. बंडखोर सरदाराला वठणीवर आणणें निराळें, आणि त्याच्या हातांतील साधनच परक्याकडून नष्ट करविणें निराळें. तुळाजीच्या जागीं दुसरा सरखेल नेमतां आला असता. जळलेलें आरमार आणि त्याबरोबर गेलेला दरारा परत आणणें कठीण होतें. आंग्रे घराण्यानें दोन पिढ्या इंग्रजांना या किनाऱ्यावर पाय रोवूं दिला नव्हता. तो अडसर निघाल्यावर इंग्रजांचें काय झालें हें पाहण्यास फार थांबावें लागत नाहीं. विजयदुर्गाहून निघालेले वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षीं बंगालकडे रवाना झाले, आणि १७५७ सालच्या २३ जून रोजीं प्लासीची लढाई झाली. विजयदुर्ग आणि प्लासी यांच्यामध्यें सोळा महिन्यांचें अंतर आहे. एकानें दुसरें घडविलें असें म्हणतां येत नाहीं. पण माणसें तींच होतीं. पुण्याच्या दरबाराची दृष्टि त्या काळांत उत्तरेकडे लागलेली होती. पश्चिमेकडे घाटाखालीं काय चाललें आहे, याचा हिशेब नीट ठेवला गेला नाहीं, असें विजयदुर्गाच्या बुरुजावर उभें राहिलें असतां कोणाहि विचारी माणसाला वाटल्यावांचून राहत नाहीं.

विजयदुर्गाहून देवगडमार्गें मालवण जवळ आहे. येथील कुरटे बेटावर १६६४ सालच्या २५ नोव्हेंबरास शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, आणि सुमारें अडीच वर्षांत किल्ला उभा राहिला. ४८ एकरांचें हें बेट. त्याच्या कडेनें नागमोडी तट. पायाच्या दगडांत शिसें ओतलें आहे. दूधबांव, दहीबांव आणि साखरबांव या तीन विहिरींना भर समुद्रांत गोडें पाणी आहे. चुन्यांत उमटलेले हाताचे व पायाचे ठसे महाराजांचे म्हणून दाखवितात, आणि राजाराम महाराजांच्या वेळीं बांधलेलें शिवाजी महाराजांचें देऊळ आंत आहे.

या किल्ल्याच्या इतिहासांतहि स्कॉटलंडचें एक नांव येऊन गेलें आहे. १७६५ सालीं इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचें नांव फोर्ट ऑगस्टस असें ठेवलें. याच नांवाचें एक ठाणें स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखांत तेथील लोकांवर वचक बसावा म्हणून पूर्वींच बांधलेलें होतें. तें इंग्लंडच्या राजपुत्राच्या नांवावरून. पुढें १७४६ सालीं कलॉडनच्या रणांत डोंगरी स्कॉट लोकांचा मोड करणारा सेनापति तोच राजपुत्र होता. सिंधुदुर्गाला हें नांव फार दिवस लाभलें नाहीं. तह होऊन पैसे घेऊन इंग्रजांनीं तो कोल्हापूरकरांस परत केला. त्याच स्कॉटलंडांतले एल्फिन्स्टन आणि ग्रँट डफ पुढें महाराष्ट्रांत अधिकारावर आले, आणि ग्रँट डफनें १८२६ सालीं मराठ्यांचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. जित स्कॉटांचे वंशज पन्नास-पाऊणशें वर्षांत दुसऱ्या जितांचा इतिहास लिहूं लागले, हा कालाचा महिमा होय. आपला इतिहास आपण जाऊन पाहिला नाहीं, तर तो दुसरे लिहितात.

परतीच्या वाटेनें गाडी गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापुरास येते. हा बावडा म्हणजे पंत अमात्यांचें ठिकाण. रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ १७१५ सालचें आहे. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग असून ज्याच्यापाशीं आरमार त्याचा समुद्र, असा विचार त्यांत स्पष्टपणें मांडलेला आहे. विजयदुर्गाच्या आगीपूर्वीं एकेचाळीस वर्षें हा उपदेश लिहून ठेवलेला होता. ज्ञानाची उणीव नव्हती; तें वेळेवर आठवलें नाहीं.

२०२५ सालच्या ११ जुलै रोजीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशांत नोंद केली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रकांठचे चार आहेत. नोंद झाल्यानें तट आपोआप उभे राहत नाहींत. विजयदुर्गाच्या तटाला लाटा रोज धडका देत आहेत, आणि भिंतींवर आपलीं नांवें कोरणारे व कागद-बाटल्या टाकून जाणारे प्रवासी त्या कामांत हातभार लावीत आहेत. पुण्यांतील सुशिक्षित कुटुंबांनीं मुलांना घेऊन एकदां या वाटेनें जावें, किल्ल्याला इजा न करतां तो पाहावा, होडी चालविणाऱ्या कोळ्याशीं चार शब्द बोलावे, आणि १७५६ सालच्या त्या प्रश्नाचें उत्तर मुलांनाच विचारावें. उत्तर कोणतेंहि येवो. घाट चढून परत येतांना पश्चिमेकडे एकदां वळून पाहण्याची संवय त्यांना लागली, म्हणजे सहलीचें सार्थक झालें.